कॅसेट उलटताना

रायबंदरच्या फेरीधक्क्यापाशी, मिनेझिसबाबच्या तावेर्नात
एक उभा जर्मन पियानो होता.
पावसाळ्यात त्याच्या पोटात चाळीसचा बल्ब जळायचा,
नाहीतर लाकूड फुगे आणि पट्ट्या अडून बसत.
हिपोलित आधी तो बल्ब काढी,
रुमालात गुंडाळून खिशात घाली, गरम गरम,
मग वाजवायला बसे.

मी पोस्टात कारकून. माझ्याकडे टेप होता,
म्हणून मला पुढची खुर्ची.
वडील जत्रेतल्या नाटकांना पायपेटी वाजवीत,
त्यामुळे पहिल्या रात्री मी
अकरा वाजेपर्यंत समेची वाट बघत बसलो.
सम आली नाही.
म्हणजे आली असणार,
पण तिघांनी ती एकमेकांकडे अशी सरकवली
की कुणाच्याच हातात दिसली नाही.

हिपोलित. माणसाएवढ्या बासला मिठी मारून सालू बर्रेटो.
आणि ड्रमवर दुलबा नार्वेकर, घुमट वाजवणाऱ्यांच्या घरातला,
ज्याचा डावा हात अजून घोरपडीचं कातडं शोधायचा.

पियानोच्या मधल्या सप्तकातला एक रे
दाबला की खालीच राहायचा, मुका.
हिपोलितने वाट बदलली नाही.
तो थेट तिथवर यायचा, बोट वर उचलायचा,
आणि दुलबा तेवढ्या जागेत
ड्रमच्या कडेवर एक टिचकी ठेवायचा,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तशी.
पहिल्या कॅसेटवर हे सहा वेळा आहे. मी मोजलंय.
सातव्या वेळी टिचकीच्या आधी
सालू तोच रे देतो, दोन सप्तकं खालून,
विहिरीत उतरलेल्या माणसाने ओ द्यावी तसा.
कान लावलात तर मागे दुलबा ऐकू येतो:
"पळे रे, चोर!"

दुसऱ्या कॅसेटवर ग्लास आहेत, खुर्ची आहे,
मिनेझिसबाबचा खोकला,
आणि दिवाडीच्या फेरीचा भोंगा.
भोंगा त्यांच्या सुरात नव्हता.
हिपोलित थांबतो. बास चालू.
मग तो भोंग्याच्या शेजारची पट्टी हलकेच दाबतो,
मग तिच्या शेजारची,
बाकावर सरकून कुणाला जागा करून द्यावी तशी,
आणि अख्खं गाणं
अर्ध्या सुराने त्या बाजूला कलतं.
फेरी पलीकडे लागेपर्यंत ते तिथेच राहिले.
कुणी तरी उतरलं असेल तिकडे सायकल ढकलत,
आपण कुठल्या गाण्यात होतो हे न कळता.

मग मडगावहून कारागीर आला, दोन दिवस राहिला.
रे बरा झाला.
तिसरी कॅसेट त्या रात्रीची.
हिपोलित तिथवर येतो.
बोट वर उचलतो (टेपवर दिसत नाही, पण मी होतो).
टिचकी नाही.
बास नाही.
तिघंही त्या एका मात्रेपुरते गप्प.
मी टेप बंद पडला समजून खाली वाकलो.
रे वाजला शेवटी, फार पुढे,
उशिरा पंगतीत आलेल्या माणसासारखा
कडेने.

बायको विचारते, रोज तेच तेच काय ऐकता?
तेच कुठे?
काल मी फक्त सालूला ऐकत होतो.
आज हिपोलितचा डावा हात.
तो बोलत नाही फारसा, नुसता "हं, हं" म्हणतो,
आणि त्या "हं"वर दुलबा काय काय सांगून टाकतो.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही.
तिसऱ्या कॅसेटची पहिली बाजू ऐन भरात संपली.
मी झाकण उघडलं, कॅसेट उलटली, बटण दाबलं,
फार तर आठ सेकंद.
दुसरी बाजू सुरू होते तेव्हा
अख्खं तावेर्न हसतंय, टाळ्या देतंय,
दुलबा ओरडतोय, "आनी एकदां! आनी एकदां!"

मी माझ्या मशीनकडे बघत होतो.